बारा शब्दांतला आठवा

जुलैतल्या एका रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतून मामांचा फोन आला. "अगं, लवकर ये. ते बिटकॉइनचे बारा शब्द होते ना, त्यातला एक वाहून गेला." मागून मामींचा आवाज, "तिला म्हणावं आधी पोहे खा इथे येऊन, मग शोधा काय ते."

मामांचा वाडा जुना. पावसाळ्यात देवघराच्या कोपऱ्यात थेंब थेंब गळतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. तरी देवघराच्या खणात त्यांनी डायरीचं एक पान ठेवलं होतं, आणि त्यावर जेल पेनने लिहिलेले बारा इंग्रजी शब्द होते. बॉलपेनची शाई ओल सोसते, जेलची बऱ्याचदा नाही सोसत. अकरा शब्द फिकट झाले होते, पण वाचता येत होते. आठव्याच्या जागी निळा डाग होता. डागाच्या डाव्या कडेला एम हे अक्षर स्पष्ट दिसत होतं आणि त्याच्या पुढे ओ.

मामा बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो-चलनाच्या भारतीय एक्सचेंजवरून, म्हणजे बाजारावरून, सुमारे २३ कोटी डॉलरचा ऐवज चोरीला गेला. मामांचं खातं तिथे नव्हतं, पण त्या बातमीने ते हादरले. दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवण्यापेक्षा आपली तिजोरी आपल्याकडे बरी, म्हणून त्यांनी आपले बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या फोनमधल्या ॲपमध्ये, हलवले. आता जुना फोन पुसून दुकानदाराला देऊन टाकलेला, नवा हातात, आणि नवा फोन बारा शब्द मागून राहिलेला.

मी या प्रकारात एक रुपयाही घातलेला नाही आणि कुणाला घालायलाही सांगत नाही. ३० टक्के कर आणि वर एक टक्का टीडीएस यांचं दुःख ज्याचं त्याने बघावं. पण हे बारा शब्द मात्र मला मनापासून आवडतात. माणसाची विसरभोळी, गिचमिड लिहिणारी, घाई करणारी जात ओळखून केलेल्या गोष्टी संगणकाच्या दुनियेत फार नाहीत. ही त्यातली एक आहे.

पैसे फोनमध्ये नसतातच

फोन हरवला म्हणजे बिटकॉइन हरवले, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. बिटकॉइन म्हणजे एक सामाईक खातेवही. तिची प्रत जगभरातल्या हजारो संगणकांवर असते आणि कुणाच्या नावे किती जमा ते तिच्यात लिहिलेलं असतं. सराफ्यातल्या जुन्या पेढ्यांवर हुंडी चालायची ती सहीवर. इथेही सहीच चालते. फरक एवढाच, की ही सही हाताने होत नाही, एका प्रचंड मोठ्या गुप्त आकड्याने होते. त्या आकड्याला खासगी किल्ली म्हणतात. ज्याच्याकडे आकडा, तो सही करू शकतो, आणि वही कुणाला दुसरं काही विचारत नाही. शाखा व्यवस्थापक नाही, केवायसी नाही, "साहेब, मीच तो" म्हणायला खिडकीही नाही.

हा आकडा साधारण ७७ अंकी असतो. असा आकडा कागदावर उतरवून बघा. चाळिसाव्या अंकाला दूध उतू जातं, परत येऊन एक अंक दोनदा लिहिला जातो, आणि चूक झाली हे कळायलाही मार्ग नसतो. सुरुवातीच्या काळात लोक असे आकडे किंवा अक्षरांची लांबलचक माळ छापून ठेवायचे. त्यात बऱ्याच जणांनी हात पोळून घेतले.

आकड्याचे शब्द कसे होतात

हे समजायला आपल्याला शाळेतलं व्याकरण पुरे आहे. यमाताराजभानसलगा आठवतं? लघु आणि गुरू अशा दोनच खुणा, तीन-तीनचे गट, म्हणून आठ गण. लघु-गुरु-गुरु म्हणायचं नसेल तर नुसतं "य" म्हणा. गुरु-गुरु-गुरु म्हणजे "म". तीन खुणांचा गट एका अक्षरात मावला, आणि जीभ अडखळायची थांबली.

संगणकाकडेही दोनच खुणा असतात, शून्य आणि एक. अशा एका खुणेला बिट म्हणतात. आपण तीनचे गट केले, त्यांनी अकराचे केले. तीन खुणांचे आठ प्रकार होतात, अकरांचे २०४८. म्हणून २०४८ शब्दांची एक यादी ठरवली आणि अकरा खुणांच्या प्रत्येक गटाला त्यातला एक शब्द वाटून दिला. पहिला शब्द "अबँडन", शेवटचा "झू". बारा शब्द म्हणजे १३२ खुणा. वॉलेट सुरू करताना फोन मनातल्या मनात १२८ वेळा नाणं उडवतो, छापा-काटा लिहून घेतो, शेवटी चार खुणा स्वतःच्या जोडतो (त्यांचं काय ते पुढे येईल), आणि अकरा-अकराचे तुकडे करून बारा शब्द आपल्यापुढे ठेवतो. या शब्दांना सीड फ्रेज म्हणतात, म्हणजे बीजवाक्य. वाक्य म्हणायला त्यात क्रियापद कुठे बसेल याचा भरवसा नाही, पण बीज मात्र खरं आहे. त्या एका बीजातून वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या पुन्हा उगवतात.

आज बहुतेक वॉलेटं जो आराखडा वापरतात तो २०१३ सालचा, बीआयपी ३९ नावाचा. त्याआधी २०११ मध्ये इलेक्ट्रम नावाच्या वॉलेटने १६२६ शब्दांची यादी वापरली होती. ती यादी घेतली होती समकालीन इंग्रजी कवितेत वारंवार येणाऱ्या शब्दांतून. संगणकवाल्यांनी कवितेकडे धाव घ्यावी, याचं मला उगाच बरं वाटतं.

खरी कारागिरी यादीत आहे

कुठलेही २०४८ शब्द उचलून चालत नाहीत. बीआयपी ३९ च्या यादीत प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच ओळखता येतो. चार अक्षरं जुळणारे दोन शब्द त्यात नाहीत. त्यामुळे पाचव्या अक्षरापासून पुढे शाई फासली, पानाची कड फाटली, तरी शब्द सापडतो. "वुमन" आणि "विमेन" यांसारख्या फसव्या जोड्या टाळलेल्या आहेत. यादी वर्णानुक्रमाने लावलेली आहे, म्हणून फोन दोन-तीन अक्षरं टाकताच बाकीचं सुचवतो.

आता हे लक्षात घ्या, की यादी गुप्त नाही. ती जगाला उघडी आहे, चोरालाही. गुपित आहे ते बारा शब्द कुठले निघाले आणि कुठल्या क्रमाने, यात. मामांचा पहिला आक्षेप हाच होता. "२०४८ च शब्द? अगं, यापेक्षा जास्त तर आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पडतात. कुणी बसून ओळखले तर?"

ओळखू देत. १२८ वेळा नाणं उडवलं तर येऊ शकणाऱ्या निकालांची संख्या ३९ अंकी होते. सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न करणारं यंत्र आणलं, तरी सगळे निकाल तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट वेळ लागेल. नशिबाने निम्म्यातच सापडलं म्हणा, मग ३९ कोटी पट.

शेवटचा शब्द राखणदार असतो

त्या चार खुणांकडे येऊ. तुमच्या आधार क्रमांकाचे अंक बारा, पण खरा क्रमांक अकराच अंकांचा. बारावा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. फॉर्म भरताना एखादा अंक चुकला, तर हा बारावा अंक जुळत नाही आणि संगणक तिथेच म्हणतो, क्रमांक चुकीचा आहे. बारा शब्दांतही असाच राखणदार आहे. १२८ खुणांवरून चार खुणा काढतात आणि त्या शेवटच्या शब्दात जाऊन बसतात. म्हणून यादीतले मनाला येतील ते बारा शब्द लिहून वॉलेट उघडत नाही. अशा सोळा प्रयत्नांतला सरासरी एकच राखणदाराला पटतो. चोवीस शब्दांचं वॉलेट असेल तर खुणा आठ, आणि मग २५६ मध्ये एक.

मामांचे पैसे वाचले ते याच गणितावर.

आठवा शब्द पार पुसला गेला असता तरी त्या जागी २०४८ शब्द लावून बघायचे होते, आणि राखणदाराने त्यातले १२८ च्या आसपास ठेवले असते. आमच्याकडे तर एम आणि ओ होते. यादी उघडली. एम-ओ ने सुरू होणारे शब्द मोजले, एकवीस निघाले. मंकी, मून, मदर, मॉस्किटो, माउंटन, मूव्ही... मामींनी पोह्यांवर शेव घालता घालता "मच्छरच असणार, या घरात दुसरं काय आहे" असं म्हणून टाकलं.

लॅपटॉपचीही गरज पडली नाही. कुठल्या वेबसाइटवर शब्द टाकायचे नाहीत, एवढं मी आधीच बजावलं होतं. "तुमचे हरवलेले शब्द शोधून देतो" म्हणणारी पानं बऱ्याचदा चोरांनीच मांडलेली असतात. नव्या फोनवर वॉलेटचं अधिकृत ॲप घातलं, अकरा शब्द भरले, आणि आठव्या जागी मामा एकेक टाकू लागले. चुकीचा. चुकीचा. चुकीचा. नवव्या प्रयत्नाला वॉलेट उघडलं.

शिल्लक शून्य.

मामांचा चेहरा मी विसरणार नाही. हातातला चमचा तसाच. "गेले गं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "मामा, थांबा. तुमचं वॉलेट रिकामं झालेलं नाही. हे वॉलेट तुमचं नाहीच."

इथे एक गोष्ट घडते जी बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला पटत नाही. राखणदाराला पटलेले कुठलेही बारा शब्द एक वॉलेट उघडतात. "असं खातं अस्तित्वात नाही" असं उत्तर तिथे नसतंच. वहीत सगळे कोरे खाते-उतारे जणू आधीपासून आहेत, फक्त कुणी तिथे पाय ठेवलेला नाही. एकवीस शब्दांत खऱ्याबरोबर एखादा योगायोगाने सोळात एक या हिशेबाने पास होणार, हे अपेक्षितच होतं. चौदाव्या शब्दाला पुन्हा वॉलेट उघडलं, आणि या वेळी मामांनी आकडा दोनदा वाचला. शब्द कुठला ते सांगत नाही. मच्छर नव्हता.

"त्यापेक्षा एखादा श्लोक ठेवला असता"

पोहे संपल्यावरचा आक्षेप. लहानपणापासून पाठ असलेली आरती किंवा श्लोक आहे, तोच किल्ली म्हणून का नाही? पावसाने भिजत नाही, चोराला दिसत नाही.

हा विचार मामांच्या आधी पुष्कळांना सुचला. त्याला ब्रेनवॉलेट म्हणतात. आवडतं वाक्य घ्यायचं, गणिताने त्याचा आकडा करायचा, तीच किल्ली. अडचण अशी, की माणसाला जे आठवतं ते बहुधा आधीच कुठेतरी छापलेलं असतं. आरत्या, गाणी, संवाद, म्हणी, धर्मग्रंथ हे सगळं संगणकाला एका झटक्यात खायला घालता येतं. २०१५ मध्ये रायन कॅस्टेलुची या सुरक्षातज्ज्ञाने डेफकॉन या हॅकर मंडळींच्या परिषदेत ब्रेनफ्लेयर नावाचा प्रोग्राम दाखवला, तो नेमकं हेच करतो. लाखो वाक्यांच्या किल्ल्या आधीच काढून ठेवायच्या आणि वहीत कुठे पैसे पडतात ते बघत बसायचं.

स्वतः रचलेलं वाक्य? माणूस स्वतः निवडायला लागला की बायको, मुलं, गाव, जन्मसाल यांच्या पलीकडे फारसा जात नाही. नाणं त्या मोहात पडत नाही. म्हणून शब्द आपण निवडायचे नसतात, हा या सगळ्या रचनेतला पहिला नियम आहे, आणि लोक मोडतात तोही हाच.

तसं पाठ करायलाही हरकत नाही. बारा शब्दांची वेडीवाकडी गोष्ट रचली तर चांगली लक्षात राहते. पण पाठांतर हा वरचा थर समजावा. ताप, अपघात, वय यांपुढे आठवणीचं काही चालत नाही, आणि आपण गेलो तर आठवणही बरोबर जाते. या शब्दांची सोपी रचना मुळात आठवण्यासाठी नाही, न चुकता लिहिता आणि वाचता यावं यासाठी आहे.

मग मराठीत का नाहीत हे शब्द?

हा प्रश्न माझा स्वतःचा. जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज अशा याद्या आहेत. मराठी नाही, हिंदीही नाही. मी एकदा हौसेने करायला बसले, आणि दोनशे शब्दांतच घाम फुटला.

पहिली अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. "दिन" आणि "दीन", "सुत" आणि "सूत". लिहिताना आपण सगळे इथे घसरतो, आणि इथे घसरणं म्हणजे पैसे जाणं. मग न-ण. इंदुरात "पाणी" बोलताना किती जण ण उच्चारतात ते ऐकून बघा. मग अनुस्वार, "अंत" की "अन्त". हे सगळे शब्द गाळावे लागतात, किंवा जोडीतला एकच ठेवावा लागतो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. "ॲ" हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, ते सबंध अक्षर म्हणून. दुसरं, "अ" वर चंद्रकोर देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच, आत मात्र खुणा वेगळ्या. काही अक्षरांचे असे दोन अवतार संगणक आपोआप एक करून घेतो. "ॲ" चे तो करत नाही. बीआयपी ३९ मध्ये हे जीवघेणं आहे, कारण शेवटची किल्ली शब्दांच्या क्रमांकावरून काढत नाहीत, थेट त्या शब्दांच्या अक्षरांवरून काढतात. ती सगळी अक्षरं २०४८ वेळा घुसळली जातात (हा २०४८ यादीतला नव्हे, योगायोगाने आकडा तोच). ताकाचं दही होत नाही तसं किल्लीवरून शब्दांकडे परत येता येत नाही, आणि एक खूण जरी वेगळी असली तरी ताक सगळंच वेगळं.

म्हणूनच इंग्रजी शब्दांचं मराठी भाषांतर करून लिहून ठेवणं हा हुशारीचा नव्हे, घात करून घेण्याचा मार्ग आहे. "मून" चा चंद्र केला, आणि दहा वर्षांनी तो परत मून होईल याची खात्री कोण देणार? तूर्त इंग्रजीच बरी. आराखड्याचे कर्तेही इतर भाषांच्या याद्या न वापरण्याचाच सल्ला देतात, कारण बरीच वॉलेटं इंग्रजीच ओळखतात. तरी "गहू, विहीर, बैल, छत्री" अशी यादी एक दिवस व्हावी, असं मला वाटतंच.

फोटो, अर्धे शब्द आणि उलटा क्रम

मामांचे बाकीचे उपाय भराभर निकालात काढू.

फोटो काढून ठेवणं: नको. फोटो क्लाउडवर जातो, आणि गॅलरीतले फोटो वाचून त्यात असे शब्द शोधणारी ॲप्स २०२५ च्या सुरुवातीला अधिकृत स्टोअरवरच सापडली होती.

शब्द उलटसुलट क्रमाने लिहिणं: बारा शब्दांचे क्रम सुमारे ४८ कोटी होतात. आपल्याला आकडा मोठा वाटतो, संगणकाला तो चहा होईपर्यंतचं काम आहे.

सहा शब्द इथे, सहा बहिणीकडे: एक अर्धं हरवलं तर सगळं गेलं, आणि एक अर्धं चोराला मिळालं तर त्याचं काम १२८ नाण्यांवरून ६२ वर येतं. म्हणजे निम्मी नव्हे, कल्पनेपलीकडे हलकी चोरी. वाटूनच ठेवायचं असेल तर १९७९ मध्ये आदी शमीर या गणितज्ञाने दिलेली रीत आहे. कागदावर एक सरळ रेषा काढा, गुपित म्हणजे ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती जागा. रेषेवरचे तीन बिंदू तिघांना द्या. कुठलेही दोन बिंदू जमले की रेषा काढता येते. एकट्या बिंदूतून मात्र रेषा कुठल्याही दिशेला जाऊ शकते, त्यामुळे त्याला काहीच कळत नाही. काही वॉलेटं ही सोय देतात, तिच्यासाठी १०२४ शब्दांची वेगळी यादी आहे.

आणि स्वतःचा एक जादा शब्द जोडण्याची सोय. चोराच्या हाती कागद लागला तरी हा शब्द त्याला ठाऊक नसतो, हे छान. पण या शब्दाला राखणदार नाही. एक अक्षर चुकलं तर चूक झाली असं कुणी सांगत नाही, नुसतं रिकामं वॉलेट उघडतं. मामांनी तो चेहरा एकदा केला तेवढा पुरे.

ताटली

कागदावरचा विश्वास उडाल्यावर मामांनी पोलाद धरलं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतातच, तर बर्तन बाजारातल्या नाव घालणाऱ्याकडून बारा शब्द घालून घ्यायचे. मी फक्त विचारलं, "आणि तो वाचेल ते?" मग सियागंजमधून अक्षरांचे पोलादी ठसे आले. मामींच्या माहेरची एक जाड ताटली उलटी केली, आणि दोन दुपारी मामा हातोडी घेऊन बसले. पहिली चार अक्षरं पुरतात हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. अक्षरांचे जास्तीत जास्त ४८ घाव. प्रत्येकाआधी क्रमांक. पालथ्या बाजूचे ठोके सुलट्या बाजूला बारीक उमटले होते, पण ते कोण बघतं.

ताटली कशासाठी आहे हे मामींना सांगायचं राहून गेलं. मीही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात सत्यनारायण होता. मामींनी शेजारच्या काकूंकडे प्रसादाचा शिरा पाठवला. ताटली रिकामी परत करायची नाही म्हणून काकूंनी दोन दिवसांनी तीत चिरोटे घालून आणून दिले. मी तेव्हा तिथेच होते. काकू मामींना म्हणाल्या, "ताटली किती जुनी हो, आणि मागे काय काय कोरलंय, नंबर घालून! कुणाची नावं आहेत?"

मामांनी चिरोटा ताटलीत परत ठेवला, आत जाऊन फोन आणला आणि माझ्या शेजारी बसले. "नवं वॉलेट काढ," म्हणाले. "सगळं तिकडे हलवू. या वेळी बॉलपेन दे."